गुडघाबदलानंतर मध्यरात्रीची कळ: ब्लॉक कुठे कमी पडतो?

आरएमओ, ठाणे
सकाळी 11 ला टोटल नी, म्हणजे पूर्ण गुडघाबदल. स्पायनलला (कण्यातून द्यायची भूल) 0.5% हेवी बुपिवाकेन 3 मिली, शेवटी अ‍ॅडक्टर कॅनाल ब्लॉकला (मांडीच्या आतल्या बाजूच्या नसा सुन्न करायला) 0.2% रोपिवाकेन 20 मिली. बाई 55 किलोच्या. संध्याकाळी वॉकर धरून उभ्या राहतात, चहा घेतात, आणि रात्री 1 च्या सुमारास कळवळतात. हात गुडघ्याच्या मागे. भूलतज्ज्ञ तोवर घोडबंदरच्या दुसऱ्या ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये). फीमोरल ब्लॉक (मांडीच्या पुढच्या मोठ्या नसेचा) द्यायला सांगू की आयपॅक (गुडघ्याच्या मागचा)?

भूलवाला, वाशी
फीमोरल नको. मांडीचा क्वाड्रिसेप्स स्नायू गळतो आणि पेशंट बाथरूमच्या दारात पडतो. मागची कळ अ‍ॅडक्टर कॅनालच्या आवाक्यातच नाही, त्यामुळे आयपॅक: पॉप्लिटियल धमनी (गुडघ्यामागची) आणि फीमरचं हाड यांच्या मधल्या फटीत 0.2% रोपिवाकेन 15-20 मिली. सुईचं टोक हाडालगत ठेवा. औषध बाहेरच्या बाजूला पसरलं तर कॉमन पेरोनियल नस सुन्न होते, पाऊल लटकतं, आणि सर्जनला वाटतं नस आपल्या हातून दुखावली. कॅनालमध्येही 20 च्या पुढे जाऊ नका. औषध वर सरकलं की फीमोरलच दिल्यासारखं.

रात्री 1 ची कळ मात्र वेगळी. ब्लॉक साधारण दहा-बारा तासांनी उतरतो आणि तेव्हा खाली दुसरं वेदनाशामक काहीच नसतं. दुखलं तर द्या, असं केसपेपरवर लिहू नका. पॅरासिटामॉल 1 ग्रॅम दर 6 तासांनी घड्याळ लावून, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी) ठीक असेल तर सोबत एक एनएसएआयडी (सूज उतरवणारं वेदनाशामक), आणि रात्रीचा डोस 10 ला, कळ यायच्या आधी. ओटीत डेक्सामेथासोन (स्टेरॉइड) 8 मिग्रॅ दिलं तर ब्लॉक लांबतो, पण डायबेटिकची शुगर रात्रभर बघावी लागते.

सुई-प्रोब
आयपॅक वाढवण्याआधी सर्जनला विचारा, सांध्यात सुन्न करणारं औषध किती भरलंय? समजा 0.25% बुपिवाकेन 40 मिली, म्हणजे 100 मिग्रॅ. 2 मिग्रॅ/किलोने या बाईंची मर्यादा 110, म्हणजे नव्वद टक्के तिथेच संपली. वर दोन ब्लॉकचं रोपिवाकेन 80 मिग्रॅ, 3 मिग्रॅ/किलोने 165 ची जवळपास निम्मी मर्यादा. दोन्हींचं विष एकत्र मोजायचं असतं, आणि ही बेरीज 139% होते. विष चढलं की ओठांभोवती मुंग्या, तोंडात धातूची चव, कानात आवाज, मग झटके.

आरएमओ, ठाणे
आमच्याकडे या विषावर उतारा म्हणून 20% लिपिडची (शिरेतून द्यायचं स्निग्ध औषध) 100 मिलीची एकच बाटली आहे. पुरेल?

सुई-प्रोब
नाही. पहिला बोलस (एकदम द्यायचा डोस) 1.5 मिली/किलो, म्हणजे 82 मिली, 2-3 मिनिटांत. मग 0.25 मिली/किलो/मिनिट, म्हणजे मिनिटाला सुमारे 14. बोलसनंतर सव्वा मिनिटात उरलेली बाटली रिकामी. निदान 500 मिली ठेवा, तेही ओटीतच. फार्मसीच्या कुलपात नको. आणि सर्जनचा डोस कमी करून घ्या, ते जास्त सोपं.