जास्वंदीवरचा पांढरा कापूस

तुम्ही लिहिलंय की जास्वंदीच्या कळ्यांवर पांढरा कापूस आलाय आणि त्यावर कुणीतरी विषारी फवारा सुचवलाय. कृपया तो बाल्कनीत मारू नका, घरात लहान मूल आहे म्हणता. हा कापूस म्हणजे पिठ्या ढेकूण, झाडाचा रस शोषणारी कीड. मुंबईत कडाक्याची थंडी नसल्याने त्याचं चक्र वर्षभर चालू राहतं.

आधी मुंग्या बघा. किडीतून पाझरणाऱ्या गोड चिकट द्रवासाठी त्या तिला राखतात, तिला खाणाऱ्या मित्रकीटकांना हुसकावतात. माझ्या मुलुंडच्या खिडकीत कुंडीखालची मुंग्यांची वाट बंद केली, तेव्हाच फरक पडला. फार लागण झालेले शेंडे कापून पिशवीत बांधून टाका, बाकीची कीड पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने पाडा. मग लिटरभर पाण्यात ५ मिली कडुनिंबाचं तेल आणि थोडा सौम्य साबण, ऊन उतरल्यावर, पानांच्या खालूनसुद्धा. अंडी मेणचट कापसात सुरक्षित राहतात, म्हणून दर आठवड्याला, तीन-चार वेळा तरी.

आणि हो, त्यात मोठी, झालरवाली, भराभर चालणारी पांढरी अळी दिसली तर मारू नका! ती बहुधा क्रिप्टोलेमस नावाच्या ढालकिड्याची (लेडीबर्ड भुंगेऱ्याची) अळी, पिठ्या ढेकूण खाणारी. मी अजाणतेपणी कितीतरी चिरडल्या, अजून वाईट वाटतं.