मॅटेराझीला प्रशिक्षक म्हणून मोजायचं की नाही?

निळा-काळा

परवा मित्रांच्यात २००६ च्या विश्वविजेत्या इटालियन संघातले कोण कोण पुढे प्रशिक्षक झाले, यावर गप्पा चालल्या होत्या. कॅनाव्हारो, नेस्ता, ग्रोसो, गट्टुसो, झाम्ब्रोटा अशी नावं निघाली. मी मार्को मॅटेराझीचं नाव घेतलं, तर सगळ्यांचा एकच सूर: तो कसला प्रशिक्षक, अंतिम सामन्यात फ्रान्सच्या झिदानची डोक्याची टक्कर खाल्लेला माणूस तो! मला हे मनापासून लागलं, म्हणून इथे लिहितो आहे.

आधी खेळाडू म्हणून बघा. २०००-०१ च्या मोसमात पेरुजाकडून सेरी आमध्ये, म्हणजे इटलीच्या अव्वल लीगमध्ये, त्याने १२ गोल केले. सेंटर बॅकने, म्हणजे मधल्या बचावपटूने! बचावपटूच्या नावावर एका मोसमात एवढे गोल तोवर नव्हते. मग इंटर मिलानमध्ये दहा वर्षं, सलग पाच लीग विजेतेपदं, २०१० चं तिहेरी यश (लीग, इटालियन चषक आणि चॅम्पियन्स लीग). विश्वचषकात तर तो राखीव होता. चेक प्रजासत्ताकाविरुद्ध नेस्ता जखमी झाला म्हणून मैदानात आला आणि काही मिनिटांतच हेडरने गोल केला. फ्रान्सविरुद्ध अंतिम सामन्यात त्याने मालुदाला पाडल्याचा ठपका बसला, सातव्या मिनिटाला झिदानने पेनल्टीवर गोल केला. बारा मिनिटांनी पिर्लोचा कॉर्नर आला. पॅट्रिक व्हिएरासारखा धिप्पाड माणूस अंगाला चिकटलेला, आणि हा त्याच्या डोक्यावरून उडी मारून चेंडू जाळीत धाडतो. चूक केली, ती स्वतःच निस्तरली. नंतर शूटआउटमध्येही त्याने आपली पेनल्टी मारली.

प्रशिक्षक म्हणूनही त्याने हेच केलं असं माझं मत आहे. २०१५ च्या आयएसएलमध्ये (इंडियन सुपर लीग) त्याच्या चेन्नईयिन क्लबचे दहा सामन्यांत दहा गुण होते. संघ तळाला. उरलेले चारही सामने जिंकून ते तिसरे आले आणि शेवटी करंडक घेऊन गेले. तळातून वर आलेल्या संघाचा प्रशिक्षक मोजायचा नाही, तर कोणाला मोजायचं?

ऑफसाइड

तुमचं प्रेम समजतं, पण हिशोब नीट मांडू या. मॅटेराझीची प्रशिक्षकाची सगळी कारकीर्द म्हणजे आयएसएलचे तीन मोसम. एकेक मोसम अडीच महिन्यांचा, साखळीत संघ आठ आणि सामने चौदा. २०१४ मध्ये गुणतक्त्यात पहिला, उपांत्य फेरीत बाहेर. २०१५ विजेता. २०१६ मध्ये आठात सातवा. त्यानंतर चेन्नईयिन सुटलं आणि प्रशिक्षकाची खुर्चीही सुटली. ग्रोसोकडे बघा. सेरी बीमध्ये, म्हणजे इटलीच्या दुसऱ्या श्रेणीत, वर्षभर घासून त्याने फ्रोसिनोनेला वर आणलं, मग सासुओलोला आणलं. कॅनाव्हारोने चीनमध्ये लीग जिंकली. प्रशिक्षकाची परीक्षा लांब पल्ल्याच्या मोसमात होते, दुखापती, हिवाळा, पडझड सगळं सोसून. चार सामने सलग जिंकणं हा फॉर्म झाला.

आणि २०१४ ची उपांत्य फेरी विसरलात का? पहिली लढत केरला ब्लास्टर्सकडून कोचीत ३-० ने हरून आलेला संघ. घरच्या मैदानावर एकेक गोल मोलाचा. त्यात खेळाडू-प्रशिक्षक असलेले हे महाशय पहिल्या अर्ध्या तासातच दोन पिवळी कार्डं घेऊन बाहेर! ज्याने संघाला डोकं शांत ठेवायला शिकवायचं, त्याचंच डोकं ठिकाणावर नाही.

निळा-काळा

कार्ड त्याची चूक, शंभर टक्के. पण पुढचं का सांगत नाही? त्याच सामन्यात त्याच्या पोरांनी तीन गोलांची तूट भरून दोन्ही लढती मिळून ३-३ अशी बरोबरी आणली आणि ११७ व्या मिनिटाच्या गोलवर हरले. प्रशिक्षक बाहेर गेल्यावरही संघ असा उभा राहिला, तो कोणाच्या तालमीत तयार झाला होता?

पुणेरी गोलकीपर

मी बालेवाडीला होतो, म्हणून दोन शब्द. डिसेंबर २०१५ मध्ये चेन्नई पुरात बुडाली होती, त्यामुळे अॅटलेटिको डी कोलकाताविरुद्धची उपांत्य फेरीची पहिली लढत पुण्यात हलवली. बालेवाडीत मैदानाभोवती धावण्याचा ट्रॅक आहे. खेळ लांब वाटतो, खेळाडूंचे चेहरे दिसत नाहीत, आवाज वाऱ्यावर जातो. आमची पुणे सिटी कधीच बाहेर पडलेली, तेव्हा आम्ही काहीजण नुसता चांगला फुटबॉल बघायला गेलो होतो.

त्या दिवशी पेलिसारी, जेजे आणि मेंडोझा, तिघांचे गोल झाले. ३-०. गोलांपेक्षा मला बचावफळी लक्षात राहिली. मी स्वतः गोलकीपर, त्यामुळे नजर तिकडेच जाते. समोर गतविजेता संघ, आणि चेंडू डावीकडे गेला की चौघेही डावीकडे, उजवीकडे गेला की चौघेही उजवीकडे, मधे दोरी बांधल्यासारखे. कोणी एक पुढे धावला की दुसरा न सांगता त्याची जागा भरत होता. ऑफसाइडराव, हे सरावाच्या मैदानावर रोज त्याच चार जणांना तेच तेच करायला लावलं, तरच येतं. घरदार पाण्यात असलेल्या शहराचा संघ, परक्या गावात, आणि एवढी शिस्त. इटालियन बचावपटूचा हात त्यात स्पष्ट दिसत होता.

जाता जाता: २००६ च्या शूटआउटमध्ये ज्याची पेनल्टी बारला लागली तो त्रेझेगे २०१४ मध्ये आमच्या पुणे सिटीकडून खेळला होता. बर्लिनच्या त्या अंतिम सामन्यातले दोघे विरुद्ध बाजूंचे एकाच भारतीय लीगमध्ये. मला याचं अजून अप्रूप वाटतं.

मडगांवकर

बालेवाडी ठीक आहे. फातोर्ड्याचं कोण बोलणार? २० डिसेंबर २०१५, आमच्या एफसी गोवाचा चेन्नईयिनविरुद्धचा अंतिम सामना. घरचं मैदान, आमचा प्रशिक्षक झिको टचलाइनवर. त्यांचा गोल झाला, आमचा हाओकिप बदली म्हणून आला आणि लगेच बरोबरी. ८७ व्या मिनिटाला जोफ्रेची फ्रीकिक आत गेली आणि शेजारच्या अनोळखी काकांनी मला कडेवर उचललं. मी तेव्हा चांगला तीस वर्षांचा. त्यानंतर ९० व्या मिनिटाला आमचा गोलकीपर कट्टीमणीच्या हातून चेंडू आपल्याच जाळीत. दोन मिनिटांत मेंडोझाचा गोल. संपलं. काका खाली बसले ते उठलेच नाहीत बराच वेळ.

हे प्रशिक्षकाचं कर्तृत्व म्हणता? आमच्या पोराची एक चूक आणि त्यांच्याकडे असलेला मेंडोझा. त्या मोसमात १३ गोल त्याचे एकट्याचे. तो आमच्याकडे असता तर झिकोने करंडक घेतला असता. मॅटेराझीबद्दल राग नाही, पण त्या रात्रीचं श्रेय त्याला देताना माझा हात चालत नाही.

कॉर्नरफ्लॅग

मडगांवकर, तुमचं दुःख खरं आहे, पण ८७ व्या मिनिटाला २-१ ने मागे पडलेला संघ, समोर सगळं मैदान विरोधी, तरीही सगळेच्या सगळे पुढे धावतात, याला नशीब म्हणू नका. कट्टीमणीवर दबाव आला म्हणून चूक झाली. दबाव आणणारे कोणीतरी होते.

माझा आक्षेप वेगळाच आहे. त्या काळात आयएसएलने युरोपातली निवृत्त नावं आणली, पोस्टर लावली, तिकिटं खपवली. नेस्ताही आला, चार दिवस खेळून गेला. आपल्याकडचे मेहनती प्रशिक्षक मात्र सहायक म्हणूनच राहिले. वर्षानुवर्षं आय-लीग या जुन्या राष्ट्रीय लीगमध्ये राबणाऱ्या भारतीय माणसाला तीच बावीस पोरं, तोच पैसा, तेच परदेशी खेळाडू दिले असते तर? मॅटेराझी वाईट होता असं नाही म्हणत. त्याला संधी नावावर मिळाली. आपल्या माणसांकडे तसं नाव नव्हतं.

ऑफसाइड

कॉर्नरफ्लॅग यांचा मुद्दा माझ्यापेक्षा वजनदार आहे. मी विजेतेपदं मोजत बसलो. विचारायला हवं होतं ते हे, की मागे काय उरलं.

निळा-काळा

मागे काय उरलं ते सांगतो, म्हणजे भावनेपोटी लिहितो असं वाटायला नको. कॉर्नरफ्लॅग, भारतीय प्रशिक्षकांबद्दल तुम्ही म्हणता ते मला मान्य, त्यावर वाद नाही.

पण २०१८ चा अंतिम सामना आठवा. चेन्नईयिनने बेंगळुरूला त्यांच्याच मैदानावर ३-२ ने हरवलं. प्रशिक्षक इंग्लंडचा जॉन ग्रेगरी. गोल कोणाचे? माइल्सन आल्व्हेसचे दोन, राफाएल ऑगस्टोचा एक. हे दोघेही ब्राझिलियन २०१५ मध्ये मॅटेराझीच्या संघात आले होते. त्या मोसमात संघाकडून सर्वाधिक गोल करणारा जेजे लालपेखलुआ. मिझोरामचा हा पोरगा २०१५ मध्ये सहा गोल करून उदयोन्मुख खेळाडू ठरला तो मॅटेराझीच्याच हाताखाली. आपल्या मुंबईचा जयेश राणेही त्याच तालमीतला. दुसऱ्या करंडकाचा पाया कोणी घातला होता?

त्याचा स्वभाव भडक होता हे मी नाकारत नाही. झिदानला तो जे बोलला ते बोलायला नको होतं, फिफानेही त्याला दोन सामन्यांची बंदी घातलीच. २०१६ मध्ये संघ घसरला, तीही त्याचीच जबाबदारी. पण 'टक्कर खाल्लेला माणूस' एवढीच ओळख ठेवायची, हे मला पटत नाही.

मडगांवकर

माइल्सनचं विसरलो होतो. २०१८ ला दोन्ही हेडर होते ना? मॅटेराझीसारखेच.

पुणेरी गोलकीपर

हो. दोन्ही हेडर. दोन्ही कॉर्नरवरून.