नवी विमानं येतील, पण राखीव विमान?

विमान कंपनीच्या ताफ्यात नवी विमानं आली की सिंधुदुर्गातल्या चिपी विमानतळाच्या फेऱ्या आपोआप वेळेवर होतील, असं काही जण म्हणतात. मला ते अर्धंच पटतं. जुन्या विमानाचं काही ना काही निघत राहतं, हे खरंच. पण खरी अडचण फिरतीची, म्हणजे एकाच विमानाच्या लागोपाठच्या फेऱ्यांची आहे. सत्तरेक आसनांचं, पंख्यांचं एकच छोटं विमान, एटीआर ७२, दिवसभर चार-पाच गावं करतं. सकाळी पहिल्या फेरीला तास गेला की तो संध्याकाळपर्यंत वसूल होत नाही. मग वैमानिकांचे ड्युटीचे तास भरतात आणि शेवटची फेरी रद्द.

गणपतीच्या आधी आम्ही चिपीला थांबलो होतो. सड्यावर ढग इतका खाली, की विमानाचा आवाज डोक्यावरून गेला, विमान काही दिसलं नाही. ते मुंबईला परतलं. काउंटरवर उत्तर एकच : दुसरं विमान नाही, उद्याची फेरी भरलेली. ढगाला कोण काय करणार? पण ढग दुपारी हटला, तेव्हा पाठवायला विमानच नव्हतं! म्हणून पावसाळ्यात आणि सणात एक एटीआर राखीव ठेवा, ही मागणी आधी लावून धरायला हवी. एअरबसच्या मोठ्या ऑर्डरीने आपलं भागत नाही. एअरबसचं ए३२० हे जेट वेगळं, त्याच्या वैमानिकाला एटीआर चालवायला वेगळं रेटिंग, म्हणजे त्या प्रकारच्या विमानाची परवानगी, घ्यावं लागतं.