अशिलानं कबूल केलंय, आता आजींची उलटतपासणी कशी घेऊ?

नवखी_वकील: सेशन्सला खुनाची केस आहे, विधी सेवा प्राधिकरणाकडून आलेली. माझी वकिली तीन वर्षांची. तुरुंगातल्या मुलाखतीत पोरगा सरळ म्हणाला, "ताई, मीच मारलं." सरकार पक्षाकडे नेत्रसाक्षीदार एकच, सत्तरीच्या आजी. रात्रीची वेळ, खांबावरचा दिवा बंद, डोळ्यांत मोतीबिंदू. त्या खरं बोलतायत हे मला माहीत आहे. त्यांच्याकडून 'नीट दिसलं नाही' वदवून घेऊ? सिनियर म्हणतात, "तू ते ऐकलंच नाहीस असं समज." कसं समजू?

जुना_शिरस्तेदार: बार कौन्सिलचा नियमच आहे: आरोपी दोषी असल्याचं वकिलाचं स्वतःचं मत असलं तरी बचाव करायचा. दिवा बंद होता ना? मोतीबिंदू आहे ना? मग विचारा. गुन्हा शाबीत करायचं ओझं सरकारवर.

माहेरवाशीण: दिवा खरा, मोतीबिंदू खरा आणि निकाल खोटा! माझ्या मावसभावाच्या खटल्यात दोन साक्षीदार फितूर झाले, तिसऱ्याला असंच भंडावलं. आरोपी सुटला आणि आमच्याच गल्लीत पेढे वाटले.

जुना_शिरस्तेदार: वाईट झालं. पण २६/११ च्या खटल्यात फहीम अन्सारीचं वकीलपत्र घेतलेले शाहिद आझमी फेब्रुवारी २०१० मध्ये कुर्ल्यातल्या ऑफिसात गोळ्या घालून मारले गेले. मे महिन्यात फहीम निर्दोष सुटला आणि तो निकाल सुप्रीम कोर्टापर्यंत टिकला. वकीलच मिळाला नसता तर?

माहेरवाशीण: इथे पोरगा स्वतः कबूल करतोय. दोघांना एका तागडीत घालू नका.

नवखी_वकील: माझंही तिथंच अडलंय. आता त्याचा मेव्हणा 'त्या रात्री आमच्याकडे जेवायला होता' सांगायला तयार झालाय.

जुना_शिरस्तेदार: ते अजिबात नाही. खोटा साक्षीदार तपासायचा, म्हणजे कोर्टात उभा करायचा नाही. पोरगा हट्टाला पेटला तर केस सोडा, पण कारण बोलू नका. अशिलानं वकिलाला सांगितलेलं गुपितच राहतं: भारतीय साक्ष्य अधिनियम, कलम १३२.

केस_सोडलेला: मी सोडली होती. पुढच्या वकिलानं मेव्हणा तपासलाच. आणि 'मारलं' म्हणजे खूनच असं कुठंय? भांडण अचानक पेटलं का, आधी हात कुणी उचलला, विचारलंत? न्याय संहितेचं कलम १०३ (खून) आणि १०५ (खून न ठरणारा सदोष मनुष्यवध) यांत जन्मठेपेचा फरक पडू शकतो.

नवखी_वकील: नाही विचारलं. त्या तीन शब्दांनीच गार झाले होते. उद्या पुन्हा मुलाखत मागते. मेव्हण्याला नाही म्हणून कळवलंय. दिव्याचं विचारीन. मोतीबिंदूचं अजून ठरत नाही.

माहेरवाशीण: आधी आजींना बसायला खुर्ची मागा.