आईचे दोन गुडघे, लेस्टरच्या दादाचा एक गुडघा आणि पुण्यातलं एस्टिमेट : मदत हवी आहे

मंडळी, जरा मोठं लिहितेय, पण सगळं सांगितल्याशिवाय सल्ला कसा मागू.

आई ६७ वर्षांची, साताऱ्याजवळ गावी असते. दोन्ही गुडघ्यांची गादी पूर्ण झिजलीय, एक्स-रेत हाडाला हाड टेकलेलं दिसतं. चाळीस वर्षं तिने पायाने चालवायच्या मशीनवर ब्लाउज शिवले, तीन वर्षांपूर्वी मशीनला मोटार बसवून दिली तेव्हा केवढी खूश झाली होती. आता ओट्याच्या दोन पायऱ्या उतरायच्या तरी कठडा दोन्ही हातांनी धरून आडवी उतरते आणि रात्री कूस बदलायची तर आधी हाताने गुडघा उचलून ठेवते, मग अंग वळवते. गोळ्या किती वर्षं चालू आहेत ते आता विचारूच नका, पोटाचं दुखणं त्यातनंच लागलंय.

पुण्यात एका मोठ्या हॉस्पिटलात दाखवलं. दोन्ही गुडघे एकाच अ‍ॅडमिशनमध्ये बदलायचे, सेमी-प्रायव्हेट रूम, ५ लाख ८० हजार. आमच्याच आळीतल्या काकूंचं गेल्या वर्षी तिथेच, त्याच डॉक्टरांकडे, ४ लाख ९० हजारात झालं होतं. रोबोटिक करायचं तर वर ९० हजार. कागदावर फक्त 'पॅकेज' लिहिलंय आणि खाली बारीक अक्षरात 'कन्झ्युमेबल्स (हातमोजे, सिरिंज असलं वापरून टाकायचं सामान) प्रत्यक्ष खर्चाप्रमाणे'.

मेडिक्लेम ५ लाखांचा आहे पण घेतला ऑक्टोबर २०२३ ला, संधिवात आम्ही फॉर्ममध्येच लिहून दिला होता त्यामुळे गुडघ्याला तीन वर्षं थांबायची अट आहे, म्हणजे अजून सात महिने. प्रीमियम ३८,४०० वरून ४२,२४० झाला, ज्येष्ठांचा वर्षाला दहा टक्क्यांहून जास्त वाढवायचा तर कंपनीला आधी इर्डाशी, म्हणजे विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेशी, बोलावं लागतं म्हणून बरोब्बर दहा टक्के. गेल्या सप्टेंबरात जीएसटी गेला म्हणून या वर्षी झळ लागली नाही, पण दर वर्षी असेच दहा टक्के वाढत गेले तर मी कुठवर भरू?

सत्तरी पार केलेल्यांचं आयुष्मान कार्ड मिळायला आईला अजून तीन वर्षं आहेत. धर्मादाय हॉस्पिटलात दहा टक्के खाटा निर्धनांना मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांना सवलतीत असतात, पण त्यासाठी घरच्या उत्पन्नाची मर्यादा वर्षाला ३ लाख ६० हजार, माझा नि भावाचा पगार धरला की आम्ही वर जातो. ५ लाख ८० हजार एकरकमी काढण्याइतके तर वर नाही ना!

आता दुसरी गोष्ट. माझा मामेभाऊ, आमचा दादा, इंग्लंडात लेस्टरला असतो, ६१ वर्षांचा, त्याचा उजवा गुडघा गेलाय. तिथे सरकारी दवाखान्यात पाठवल्यापासून १८ आठवड्यांत उपचार व्हावेत असा नियम आहे पण तो चौदा महिने यादीत आहे, आणि प्रायव्हेटमध्ये त्याला एका गुडघ्याचे साडेचौदा हजार पौंड सांगितले. म्हणून तो पुण्याला येऊन करून घ्यायचं म्हणतोय. मी त्याच हॉस्पिटलात त्याच्यासाठी विचारलं तर इंटरनॅशनल पेशंट डेस्कवरून दुसऱ्या दिवशी व्हॉट्सअ‍ॅपवर सगळं आलं, विमानतळावरून गाडी, सिंगल रूम, बारा दिवस, फिजिओ, डॉक्टरांशी व्हिडिओ कॉल, एका गुडघ्याचे ६ लाख २० हजार. त्याच्या हिशेबाने हे निम्म्याहून कमीच पडतं, त्याला मी दोष देत नाही, त्याचंही दुखतंय. पण त्याला पंधरा दिवसांतली तारीख मिळाली आणि आईच्या तारखेसाठी आधी ५० हजार भरा म्हणाले, तेही दीड महिन्यानंतरची. आणि हे ऐकून आई काय म्हणाली, तर "त्याचं होऊन जाऊ दे, लांबून येतोय तो. माझं नंतर बघू." मला ते सहन झालं नाही. त्या रात्री झोप लागली नाही म्हणून हा धागा.

तर विचारायचं हे की सात महिने थांबून मेडिक्लेमवर करावं का आत्ताच साठवलेले नि थोडे उसने घेऊन? सात महिन्यांत पाय अजून वाकडा होईल का, कुणाच्या घरी असं थांबलेलं कुणी आहे का? रोबोटिकने आईच्या वयाला खरंच फरक पडतो का? महात्मा फुले योजनेत आता पांढरं रेशन कार्डही चालतं, तर त्यातून गुडघा बदलून घेतलेलं कुणी असेल तर कुठे केलं, किती थांबावं लागलं ते लिहा. मिरज-सांगली, कोल्हापूर, कराड कुठेही चालेल, पुणेच हवं असं नाही. आणि दादाची रजा फक्त चार आठवड्यांची, ऑपरेशननंतर काही आठवडे पायात गुठळी व्हायची भीती असते आणि लंडनची फ्लाइट नऊ-दहा तासांची, परत गेल्यावर टाक्यांत पू वगैरे झाला तर तिथले डॉक्टर बघतात का? परदेशातून येऊन करून गेलेल्यांनी हे जरूर सांगा.

अपडेट, रात्री : सगळ्यांचे खूप आभार. ज्यांनी इम्प्लांटची (आत बसवायच्या कृत्रिम सांध्याची) किंमत वेगळी मागा म्हणून सांगितलं त्यांचे तर फारच. २०१७ ला सरकारने गुडघ्याच्या इम्प्लांटची कमाल किंमत ठरवली, तेव्हा कोबाल्ट-क्रोमची ५४,७२० आणि टायटॅनियमची ७६,६००, अधिक जीएसटी, आणि बिलात कंपनी, बॅच नंबर, किंमत वेगळी दाखवायची हेही त्यात आहे, हे मला माहीतच नव्हतं. दुपारी फोन करून तसंच विचारलं. आधी "पॅकेजमध्ये सगळं आलं मॅडम", मग दोनदा सांगितल्यावर खर्चाची फोड मेलने आली. दोन्ही इम्प्लांट धरून साधारण दीड लाख. म्हणजे काकूंपेक्षा वाढलेले ९० हजार इम्प्लांटचे नाहीत, रूम, ओटी (ऑपरेशन थिएटर) चार्जेस आणि सर्जनच्या फीमध्येच ते असणार. हा कागद घेऊन परत बोलले तर कमी करतात का?

रूमचंही लक्षात आलं. आमच्या पॉलिसीत रूमला दिवसाला ५ हजारांची मर्यादा आहे आणि त्यांची सेमी-प्रायव्हेट ६,५००ची, तर डॉक्टरांच्या फीपासून त्याच प्रमाणात कापतील, औषधं नि इम्प्लांट सोडून. तेव्हा ऑक्टोबरात केलं तर जनरल वॉर्डच घ्यायचा.

दादाशी बोलले. तो म्हणाला आत्याचं आधी, मी रजा पुढे ढकलतो. शनिवारी त्याचा डॉक्टरांशी व्हिडिओ कॉल आहे, त्यात आईला सोबत बसवणार आहे. त्याच्या आधी अजून काय काय विचारायचं ते इथे लिहा, मी वहीत उतरवून घेतेय.