मदत हवी आहे: पौलाच्या 'आत्मिक शरीरा'चा अर्थ कसा लावायचा?

नमस्कार मंडळी. येशूच्या पुनरुत्थानावरचा विश्वास अगदी सुरुवातीला कसा होता, हे इतिहासाच्या अंगाने समजून घेतोय आणि एका जागी अडलोय.

आरंभीचा ख्रिस्ती प्रचारक पौल याचं, बायबलच्या नव्या करारातलं 'करिंथकरांस पहिलं पत्र' साधारण इ.स. ५३ ते ५५ मधलं, म्हणजे चारही शुभवर्तमानांच्या (येशूच्या चरित्रग्रंथांच्या) आधीचं. १५व्या अध्यायात पौल म्हणतो, मला जे मिळालं तेच मी तुम्हाला दिलं. मग उठलेला येशू कुणाकुणाला दिसला याची यादी येते: केफा (म्हणजे पेत्र), बारा जण, पाचशेहून अधिक बंधू, याकोब, सर्व प्रेषित आणि शेवटी तो स्वतः. प्रत्येकाला 'दिसला' यासाठी ग्रीकमध्ये एकच क्रियापद आहे, 'ओफ्थे'. पण रिकाम्या कबरीचा आणि स्त्रियांचा उल्लेखच नाही! कबर येते मार्कच्या शुभवर्तमानात, आणि त्याच्या सर्वांत जुन्या पूर्ण हस्तलिखितांत शेवट होतो घाबरून पळालेल्या स्त्रियांवर.

खरी अडचण ४४व्या ओवीतल्या 'सोमा प्न्युमाटिकोन'ची आहे. 'आत्मिक शरीर' वाचलं की आपल्या मनात लगेच सूक्ष्म देह, आत्म्याचं अमरत्व असं काहीतरी उभं राहतं. पौल तर परूशी या यहुदी पंथाच्या परंपरेतला, जिथे मृतांचं देहासकट उठणं मानलं जाई. मला वाटतं, आपले शब्दच इथे वाट चुकवतात.

पंडिता रमाबाईंनी मूळ ग्रीकवरून केलेल्या मराठी भाषांतरात इथे कोणता शब्द आहे? कुणाकडे प्रत असेल तर त्या पानाचा फोटो टाकाल का? आणि ग्रीक जाणणाऱ्यांनी 'प्न्युमाटिकोन' म्हणजे आत्म्याचं बनलेलं की आत्म्याने चालणारं, हे कृपया उलगडून सांगावं.