शब्द हवा आहे: अनमाउंट करतानाची 'रेस कंडिशन'

अनुस्वार
ऑपरेटिंग सिस्टिमच्या कर्नलवर, म्हणजे तिच्या गाभ्यावर, मराठीत टिपणं लिहितोय. फाइलसिस्टिमच्या प्रकरणात एका वाक्यावर गाडं अडलंय: 'अनमाउंट आणि पाथ लुकअप यांच्यातली रेस कंडिशन दुरुस्त केली.' (अनमाउंट म्हणजे जोडलेली फाइलसिस्टिम काढणं, पाथ लुकअप म्हणजे नावावरून फाइल शोधणं.) 'रेस कंडिशन'ला मी 'शर्यतीची स्थिती' लिहिलं होतं. मसुदा वाचणाऱ्या मैत्रिणीने समासात विचारलं, "मग जिंकलं कोण?" तिचा प्रश्न रास्त आहे, आणि माझ्याकडे उत्तर नाही.

घटना सांगतो, म्हणजे शब्द शोधायला सोपं जाईल. एक थ्रेड, म्हणजे चालू कामाचा एक धागा, फाइलसिस्टिम काढायला निघतो. आधी बघतो, कुणी ती धरून बसलंय का? कुणी नाही. मग तो सगळी रचना मोडायला घेतो. पण बघणं आणि मोडणं यांच्या मधल्या फटीत दुसरा थ्रेड फाइल शोधत तिथे पोचतो, माउंट (म्हणजे ती जोडणी) धरतो आणि मोकळी झालेली मेमरी वापरू लागतो. पुढे कर्नल पॅनिक होईल (सगळं यंत्र बंद पडेल), डेटा बिघडेल, किंवा बराच काळ काहीच दिसणार नाही. दुरुस्ती अशी, की मोजणं आणि 'आता नवीन कुणी येऊ नये' ही खूण करणं, दोन्ही एकाच लॉकखाली, म्हणजे एका वेळी एकालाच आत सोडणाऱ्या कुलपाखाली, आणायचं. येणाऱ्याने माउंट धरल्यावर खूण पुन्हा तपासायची. दिसली, तर हात सोडून माघारी.

याला मराठीत काय म्हणाल?

जुनी वही
'शर्यत' टाकून देऊ नका. शब्द मूळचा अरबी 'शर्त', म्हणजे अट किंवा करार. त्यावरून पैज, आणि पैजेवरून धावण्याची चढाओढ. 'शर्यत लावली' म्हणताना आपण आजही पैजच म्हणत असतो. तेव्हा रेस आणि कंडिशन हे दोन्ही अर्थ या एका शब्दाच्या पोटात आधीच आहेत. नुसतं 'शर्यत' म्हणा, 'स्थिती' कशाला?

तळटीप
वही काका, व्युत्पत्ती पटली, निष्कर्ष नाही. इथली कंडिशन म्हणजे अट नव्हे, अवस्था. शर्त इथे लागूच होत नाही.

आणि मैत्रिणीच्या प्रश्नाचं उत्तर इतिहासात आहे. हा शब्द सॉफ्टवेअरवाल्यांचा नाही, सर्किटवाल्यांचा आहे. डेव्हिड हफमन यांच्या 1954 च्या प्रबंधात तो आढळतो. सर्किटमध्ये दोन सिग्नल एकाच वेळी बदलायचे, आणि आधी कुठला पोचतो त्यावर सर्किट कुठल्या अवस्थेत स्थिरावतं ते ठरायचं. तिथे शर्यत खरीच होती आणि जिंकणाराही होता. कर्नलमध्ये आलेला शब्द तिथून उचललेला आहे.

गीर्वाण
मग शुद्ध शब्द उपलब्ध असताना अरबीकडे का जायचं? अमरकोशात 'अहंपूर्विका' आहे: मी आधी, मी आधी म्हणत धावणं. रेसला याहून नेमका शब्द कुठल्या भाषेत असेल असं मला वाटत नाही. मराठीत आपण सर्रास 'अहमहमिका' म्हणतो, पण अमरकोश दोन्ही वेगळे देतो. अहमहमिका म्हणजे परस्परांवरचा अहंकार, अहंपूर्विका म्हणजे पुढे जाण्याची धडपड. शिवकाळात फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा राज्यव्यवहारकोश झाला तेव्हाही 'रूढ आहे तेच राहू दे' म्हणणारे असतीलच. तरी कोश झाला.

हरकाम्या
गीर्वाणजी, आदर ठेवून सांगतो. रात्री सर्व्हर पडलेला असताना सहकाऱ्याला फोन करून मी 'अहंपूर्विका आहे' म्हणणार नाही. 'रेस आहे' म्हणतो, आणि पलीकडच्याला कळतं. रोज बोलणारी माणसं जो शब्द वापरतात तोच मराठी शब्द. टेबल, पेन, बस यांचं कुणी काय वाकडं केलं?

गीर्वाण
बोलण्याबद्दल माझं म्हणणंच नाही. प्रश्न लिहिण्याचा आहे. टिपण वाचणाऱ्या मुलाला 'रेस' या दोन अक्षरांतून काय कळतं? मैत्रिणीला कळलं तेवढंच.

उंबरठा
मी केव्हापासून हाच विचार करतेय, आणि माझ्या मनात एकच शब्द येतोय: चुकामूक.

एक जिन्याने वर गेला, दुसरा लिफ्टने खाली आला. दोघांनी आपापलं काम बरोबर केलं, तरी घोटाळा झाला. रेसचं मर्म हेच ना? प्रत्येक थ्रेड वेगळा काढून वाचला तर कोडमध्ये खोट सापडत नाही. खोट असते दोघांच्या वेळांमध्ये. 'शर्यत' म्हटलं की दोघांना जिंकायचं असतं. इथे कुणालाच जिंकायचं नाहीये, त्यांना एकमेकांचा पत्ताच नाही.

तळटीप
सुंदर शब्द आहे, पण उलट नाही का? चुकामुकीत भेट होत नाही. इथे तर दोघं नको तेव्हा एकाच जागी येतात.

अनुस्वार
तळटीप, मला उंबरठाताईंचं म्हणणं पटतंय, आणि त्याला एक खरं उदाहरण आहे. लिनक्समध्ये ऑगस्ट 2018 मध्ये दुरुस्त झालेली एक रेस.

माउंट किती जणांनी धरलंय याचा आकडा लिनक्स एका जागी ठेवत नाही. सगळे प्रोसेसर एकाच आकड्यावर तुटून पडू नयेत म्हणून प्रत्येक प्रोसेसरला आपापला आकडा असतो. धरलं की तिथल्या आकड्यात एक मिळवायचा, सोडलं की जिथे असाल तिथल्या आकड्यातून एक वजा. एका प्रोसेसरवर धरून दुसऱ्यावर सोडलं तरी चालतं, कारण अर्थ फक्त बेरजेला आहे.

आता लेझी अनमाउंट झालेलं एक माउंट घ्या. नावांच्या झाडावरून, म्हणजे फोल्डरांच्या रचनेतून, ते उतरलंय, पण दोन उघड्या फायलींनी जिवंत ठेवलंय. एक फाइल बंद होते. तो थ्रेड आपला एक वजा करतो आणि सगळ्या प्रोसेसरांचे आकडे ओळीने मोजत निघतो. प्रोसेसर शून्यचा आकडा वाचून पुढे गेला. तेवढ्यात शून्यवरच्या एका प्रोसेसने माउंट धरलं, म्हणजे शून्यच्या आकड्यात एक वाढला. मग ती प्रोसेस शून्यवरून हलवली गेली, लांबच्या दुसऱ्या प्रोसेसरवर चालू झाली, आणि तिथे तिने सोडलं. तिथला आकडा एकने घटला. मोजणारा तिथे पोचला तेव्हा त्याला घट दिसली, वाढ मात्र मागेच राहून गेली. बेरीज एक यायला हवी होती, आली शून्य. 'शेवटचा मीच' असं समजून त्याने माउंट मोडायला घेतलं, आणि दुसरी फाइल अजून उघडीच होती.

मोजणाऱ्याची आणि त्या वाढीची झाली ती चुकामूकच. दुरुस्तीही फार मोठी नव्हती. माउंट झाडावर असेपर्यंत लॉकशिवाय वजा करायला हरकत नाही, कारण तोवर ते शेवटचं असूच शकत नाही. झाडावरून उतरलं की मात्र आधी लॉक घ्यायचं, मग वजा करायचं, मग मोजायचं. पूर्वी वजाबाकी लॉकच्या बाहेर होती.

तळटीप
हे उदाहरण वाचून माझी हरकत मागे घेतो. निदान या रेसपुरती.

हरकाम्या
मधेच एक. 'लेझी अनमाउंट'ला टिपणात 'आळशी' लिहू नका. तो आळस नाही, सोय आहे. वाट लगेच बंद करायची आणि आवराआवर शेवटचा माणूस सोडेल तेव्हा. मी 'सवडीने' म्हणेन. सवडीचं अनमाउंट.

गीर्वाण
'सवड' चालेल, आणि 'अनमाउंट' तसंच राहणार? अवरोहण म्हणा. किमान उतरवणे.

जुनी वही
'उतरवणे'ला माझं अनुमोदन, आणि कारण ऐकीव नाही. मोठ्या कॉम्प्युटरच्या दिवसांत टेप आणि डिस्कचे गठ्ठे माणसं खरोखर यंत्रावर चढवत आणि उतरवत. माउंट हे त्या हाताच्या कामाचं नाव. चढवणे-उतरवणे ही जोडी आपल्याकडे तयार आहे. आरोहण-अवरोहण म्हटलं की मला डोंगर दिसतो.

शिवाय कमांडच्या नावात 'अन'मधला न नाहीच, 'यूमाउंट' आहे. 1971 च्या पहिल्या युनिक्स मॅन्युअलपासून तसंच चालत आलंय. नावं आखूड ठेवण्याची तेव्हाची सवय, असं माझं मत.

हरकाम्या
फ्रीबीएसडीत कमांड यूमाउंट आणि सिस्टिम कॉल (प्रोग्रामने कर्नलकडे करायची मागणी) मात्र अनमाउंट, पूर्ण न सकट. म्हणजे ज्यांची भाषा त्यांनीही एकच रूप धरलेलं नाही. आपण कशाला धरायचं?

उंबरठा
आपण भरकटतोय, पण एक राहवत नाही. कुणी तरी फाइल उघडी ठेवली की अनमाउंट नाकारताना 'टार्गेट इज बिझी' येतं. त्याचं भाषांतर 'लक्ष्य व्यस्त आहे' असं केलेलं मी वाचलंय. मराठीत व्यस्त म्हणजे उलट! व्यस्त प्रमाण शाळेत शिकलो ना आपण? कामात असलेल्याला व्यस्त म्हणणं हिंदीतून आलंय. इथे 'गुंतलेलं' हवं. जुन्या लिनक्समध्ये अनमाउंटनंतरही आयनोड (फाइलींच्या नोंदी) धरलेले राहिले तर 'बिझी आयनोड, पाच सेकंदांत आत्मनाश, आपला दिवस चांगला जावो' असा संदेश येई. तिथेही 'गुंतलेले आयनोड'च शोभलं असतं.

जुनी वही
व्यस्तचा नवा अर्थ आता वर्तमानपत्रांत रुळलाय, उंबरठाताई. शर्यत आपण अरबीतून घेऊ शकतो, तर हिंदीतून का नको?

उंबरठा
कारण शर्यतीने कुणाची जागा बळकावली नाही. व्यस्तमुळे गणिताच्या पुस्तकातलं वाक्य मुलांना दुसऱ्यांदा वाचावं लागतं. रुळलेल्या शब्दाला माझा विरोध नाही, एका शब्दाने दुसऱ्याचं घर घेण्याला आहे.

अनुस्वार
मूळ वाक्याकडे या ना. 'अनमाउंट आणि पाथ लुकअप यांच्यातली चुकामूक दुरुस्त केली' असं लिहू का?

तळटीप
'दुरुस्त केली' नाही बसत. चुकामूक होते किंवा टळते. यंत्र दुरुस्त होतं, चूक दुरुस्त होते. चुकामूक ही घटना आहे, वस्तू नाही. 'चुकामूक टाळली' म्हणा.

अनुस्वार
'टाळली' म्हटलं की एकदा टळली असं वाटतं. मला कायमची बंद केली हे सांगायचंय.

हरकाम्या
तुमच्याच पहिल्या पोस्टमध्ये 'फट' आहे. 'मोजणं आणि मोडणं यांतली फट बुजवली.' आम्ही बोलतानाही असंच बोलतो, 'इथे फट राहतेय.' रेस हे त्या फटीतून आत येणाऱ्याचं नाव, दुरुस्ती मात्र फटीची होते.

गीर्वाण
दोन वेगळ्या गोष्टी एक करताय. फट हे कारण, चुकामूक हे कार्य. पारिभाषिक शब्द कार्याला हवा, आणि त्याला विशेषण, क्रियापद, सामासिक रूप सगळं करता आलं पाहिजे. 'चुकामूकमुक्त कोड' वाचवतं का कुणाला?

उंबरठा
'चुकामुकीची वाट नसलेला कोड.' वाचवतं मला. सामान्यरूपात मु ऱ्हस्व होतो, चूक-चुकीचा तसाच. एक विचारते, यातलं 'मूक' कुठून आलं असेल? मला वाटतं 'मुकणे'तून. चुकला आणि भेटीला मुकला.

जुनी वही
मला ते नुसतं प्रतिध्वनी वाटतं. अर्थ सगळा चुकण्यात आहे, 'मूक' जोडीला आलंय, शेजारीपाजारीतल्या पाजारीसारखं.

उंबरठा
पण काका, 'मुकणे' स्वतंत्रपणे भाषेत आहे आणि अर्थही तंतोतंत बसतो. 'पाजारी'ला तसा स्वतंत्र अर्थ दाखवा.

जुनी वही
बघतो कोशात. तोवर तुमच्या म्हणण्याला नकार नाही.

अनुस्वार
टिपणात सध्या 'रेस' ठेवतोय, आणि पहिल्यांदा येईल तिथे 'म्हणजे चुकामूक' असं लिहितोय. 'दुरुस्त केली'च्या जागी अजून काही सुचलं तर सांगा, मसुदा उघडाच आहे.